दोन विणकर वसाहती : सोलापूर आणि मालेगाव

वर्धा जिल्हा हा कापसाचा जिल्हा होय. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विलायतेच्या बाजारातही त्या गावाच्या नावाने ओळखला जात असे. 1867 साली आगगाडीचा मार्ग पुलगाव आणि वर्धा यांवरून नागपुरास पोहोचला, व तेव्हापासून येथील गाठींचा ओघ मुंबईच्या दिशेने वाहू लागला. शतक संपण्याच्या सुमारास हिंगणघाट व पुलगाव येथे गिरण्याही निघाल्या. तथापि कापूस पिकविणारा, सूत कातणारा आणि कापड विणणारा ही तीन माणसे केव्हाच एकमेकांपासून दूर गेली होती. कापसाच्या भावाची वार्ता शेतकऱ्यास असते, गिरणीच्या भोंग्याची गावास असते. परंतु सुताचे कापड करणारा विणकर कोण, तो कोठून आला आणि त्याच्या पोटाची सोय कशी काय लागली, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील स्त्रिया जी नऊवारी लुगडी नेसत, त्यांपैकी पुष्कळ लुगडी सोलापूर आणि मालेगाव या दोन गावी विणलेली असत. नेसणारीची भाषा मराठी, पण विणणाऱ्याची भाषा मराठी नव्हे. सोलापूरच्या मागावर तेलुगू बोलली जाई आणि मालेगावच्या मागावर उर्दू. सोलापूरचे पद्मशाली हे तेलंगणातून आलेले, तर मालेगावचे मोमीन हे गंगा-यमुनेच्या प्रदेशातून आलेले. दोघेही परमुलखातून पोट भरण्यास आले, दोघांनीही एकच धंदा सोबत आणला, आणि दोघांनीही एका लहान गावाचे मोठे शहर केले. असे असूनही आज या दोन समाजांची आर्थिक स्थिती सारखी नाही. हा फरक कशाने पडला?

या प्रश्नास लोकांजवळ एक सोपे उत्तर तयार असते. अमकी जात काटकसरी व उद्योगी, तमकी जात उधळी व मागासलेली. अमक्यांना शिक्षणाची आवड, तमक्यांना नाही. असे सांगून ते मोकळे होतात. दुसऱ्याच्या दारिद्र्याचे खापर त्याच्या जातीवर किंवा धर्मावर फोडले की आपल्यावर कसलीच जबाबदारी राहत नाही. परंतु इतिहासाकडे जरा बारकाईने पाहिले, तर हे उत्तर टिकत नाही. ते का टिकत नाही हे पाहण्यासाठी दोन्ही वसाहतींची हकीकत शेजारी शेजारी मांडून पाहिली पाहिजे.

प्रथम पद्मशाल्यांची हकीकत. हे लोक आपले कूळ मार्कंडेय ऋषीपर्यंत नेऊन भिडवितात. सोलापुरात नारळी पौर्णिमेस निघणारा मार्कंडेयाचा रथ हा आजही त्यांच्या वर्षाचा सर्वांत मोठा सोहळा असतो. निजामाच्या राज्यातील तेलंगणाच्या जिल्ह्यांत त्यांची खेडोपाडी वस्ती होती. विलायती सूत व गिरणीचे कापड खेड्यांत शिरले, तशी गावच्या विणकराची मिरास तुटली. वारंवार पडणाऱ्या दुष्काळांनी उरलीसुरली आशाही नाहीशी केली. पश्चिमेस इंग्रजी मुलखाच्या हद्दीत सोलापूर ही पेशवाईपासून नावारूपास आलेली पेठ होती. 1860 साली तेथे आगगाडी आली, आणि सुताच्या पेट्या येण्यास व कापडाचे गठ्ठे जाण्यास रस्ता मोकळा झाला. तेलंगणातून सोलापूर ही काही समुद्रापलीकडची जागा नव्हे. बैलगाडीने किंवा पायी येता येई, लग्नकार्यास परत जाता येई, आणि पुढच्या वर्षी एखाद्या भाच्यास किंवा मेहुण्यास संगती घेऊन येता येई. अशा रीतीने साखर पेठ, दाजी पेठ वगैरे भागांतून तेलुगू विणकरांची दाट वस्ती उभी राहिली.

मोमिनांची वाट याहून पुष्कळ लांबची. काशी, अलाहाबाद, आजमगड इत्यादी भागांत हे मुसलमान विणकर पिढ्यान् पिढ्या माग चालवीत. त्यांच्या धंद्यासही मँचेस्टरच्या कापडाने ग्रासले होतेच. त्यात 1857 च्या उठावानंतर तो सारा प्रदेश भयाने व दडपशाहीने हादरून गेला आणि पाठोपाठ दुष्काळ पडले. घरे सोडून ही कुटुंबे दक्षिणेकडे निघाली. मुंबई-आग्रा हा हमरस्ता त्यांची वाट झाला. त्या रस्त्यावर जेथे जेथे सूत मिळेल, पाणी मिळेल व कापडास गिऱ्हाईक मिळेल, तेथे तेथे त्यांनी मुक्काम ठोकले. कोणी बुऱ्हाणपुरास राहिले, कोणी धुळ्यास, कोणी मालेगावास, कोणी थेट भिवंडीपर्यंत गेले. मालेगाव हे मोसम व गिरणा या नद्यांच्या काठचे गाव. नारोशंकर राजेबहादूर यांनी अठराव्या शतकात तेथे किल्ला बांधला, तेव्हापासून त्यास थोडे महत्त्व आले होते. किल्ल्याच्या आसऱ्याने वसलेल्या त्या गावात विणकरांचे मोहल्ले वाढत गेले.

आरंभीची स्थिती पाहता दोघांत डावेउजवे करण्याजोगे काही नव्हते. दोघेही भांडवलावाचून आले. दोघांचेही हत्यार एकच, तो म्हणजे जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसावयाचा हातमाग. दोघांच्याही घरात सारे कुटुंब राबे. पुरुष मागावर बसे, बायका कांड्या भरीत, सुतास खळ देत, मुले गुंतलेले धागे सोडवीत. दोघांनीही गिरणीशी टक्कर देण्याऐवजी गिरणीस सहजी न जमणारा माल हाती धरला. रंगीत अंगाचे, वेगळ्या काठाचे व पदराचे लुगडे गिरणीस त्या काळी परवडत नसे, कारण त्याची तऱ्हा गावागणिक बदले. दोघेही सुताकरिता व्यापाऱ्यावर अवलंबून असत, आणि तो व्यापारी बहुधा गुजराती किंवा मारवाडी असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत दोरीने झटका देऊन फेकावयाचा धोटा प्रचारात येऊ लागला, तेव्हा जो विणकर अडाणी व जुनाट म्हणून हिणवला जाई त्यानेच तो उचलला. तेव्हा नव्या साधनांविषयी यांना वावडे होते, असेही म्हणता येत नाही.

भेद पडला तो गावाच्या घडणीत. सोलापुरास आगगाडी होती. मालेगावास ती कधीच आली नाही. मालेगावचे जवळचे मोठे स्थानक म्हणजे सुमारे चोवीस मैलांवरील मनमाड. आगगाडीमागून सोलापुरात गिरण्या आल्या. 1877 च्या सुमारास सुरू झालेली, पुढे जुनी गिरणी या नावाने प्रसिद्ध झालेली गिरणी ही पहिली. शतक बदलण्याच्या आगेमागे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू व जाम या गिरण्यांनी तिच्याशेजारी आपली धुराडी उभी केली. मालेगावात असे काही घडले नाही. 1901 च्या शिरगणतीत सोलापूरची वस्ती सुमारे 75,000 भरली, मालेगावची सुमारे 19,000. एक पेठ, तर दुसरे मोठेसे खेडे, एवढे अंतर तेव्हाच पडले होते.

गिरणी ही हातमागाची शत्रू, असा सर्वसाधारण समज आहे व तो एका अर्थी खराही आहे. परंतु सोलापुरात गिरणीने विणकराचे एक हित केले. तिने त्याला दुसरे दार उघडून दिले. ज्या वर्षी लुगड्यास उठाव नसे, त्या वर्षी घरातील एखादा तरुण गिरणीत लागे. त्याचा महिन्याचा पगार थोडा असला तरी ठराविक असे. त्या ठराविक पैशाच्या जोरावर घरचा माग मंदीतही तग धरी. मजुरी फारच कमी मिळाली, तर गिरणीचा रस्ता धरण्याची वाट विणकरास मोकळी होती, आणि ही गोष्ट माग चालविणारा मालकही जाणून असे. पुढे विड्यांचे कारखाने आले, तेव्हा तिसरे दार उघडले. पद्मशाली घरांतील बायका हजारोंच्या संख्येने विड्या वळू लागल्या. पुरुषाचा माग, मुलाची गिरणी आणि सुनेची विडी अशा तीन मिळकतींवर एक चूल पेटू लागली.

याचा अर्थ सोलापुरात सर्वत्र सुबत्ता होती असा मात्र मुळीच नव्हे. तेथे समाजाच्या पोटातच दोन थर पडले. ज्यांच्याजवळ थोडी बचत साठली, त्यांनी एकाच छपराखाली पाच, दहा, वीस माग मांडले आणि ते कारखानदार झाले. ज्यांच्याजवळ काही नव्हते, ते त्यांच्या मागावर तुकड्याच्या दराने विणू लागले. तेलंगणातून नव्याने आलेले कुटुंब पुष्कळदा कारखान्याच्या जागेतच बिऱ्हाड करी. कारखानदार आगाऊ उचल देई. ती उचल फिटेपर्यंत विणकरास दुसरीकडे जाता येत नसे, आणि ती लवकर फिटतही नसे. मालक व मजूर एकाच जातीचे, एकाच देवाचे भक्त, रथाच्या दोरीस दोघांचाही हात. पण हिशेबाची वही एकाच्याच घरी. दख्खनमधील शहरी हस्तव्यवसायांची जी पाहणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने 1936 साली प्रसिद्ध केली, आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या देखरेखीखाली सोलापूर शहराचा जो अभ्यास पुढे झाला, त्यांवरून या कारखानापद्धतीची वाढ ध्यानात येते. तरीसुद्धा एक गोष्ट विसरता कामा नये. त्या कारखानदारांतूनच समाजाचे पुढारी, शाळा काढणारे, वसतिगृहे चालविणारे व नगरपालिकेत बसणारे लोक निघाले. भांडवल थोड्यांच्या हाती गेले; परंतु ते जातीत राहिले व गावात राहिले.

मालेगावची घडण याहून निराळी. तेथे गिरणी नव्हती, विडीचा तसा आधार नव्हता, शेती बाहेरून आलेल्या माणसाची नव्हती. विणकराने मागावरून उठावे तर जावे कोठे? माग हेच पहिले दार व माग हेच शेवटचे. त्यामुळे मंदी आली तरी मोमीन विणकर मजुरी कमी घेऊन अधिक तास विणी. माल अधिक निघे, भाव अधिक पडे, आणि पडलेल्या भावाची भरपाई करण्यास तो आणखी विणी. बैल घाण्याभोवती फिरावा तशी ही गत. शिवाय कोणास एकट्याने मोठा कारखाना काढणे तेथे जड गेले. पुष्कळ काळ घरोघर दोन-चार मागांचाच संसार चालला. वरवर पाहता ही समता सोलापूरच्या विषमतेपेक्षा बरी दिसते. प्रत्येक जण आपल्या मागाचा धनी, कोणी कोणाचा चाकर नाही. परंतु सूत आणणारा आणि कापड नेणारा जर एकच व्यापारी असेल, तर मागाची मालकी ही नावाची मालकी होय. नफ्याचा भाग वसाहतीत साठत नसे. तो पेठेतील गादीवर जाऊन बसे. सोलापुरात वही स्वजातीयाच्या घरी होती, मालेगावात ती परक्याच्या घरी होती, एवढाच काय तो फरक. पण पन्नास वर्षांत त्याचे परिणाम फार निरनिराळे झाले.

लुगड्याच्या धंद्याचा एक नियम येथे सांगितला पाहिजे. लुगड्याचे गिऱ्हाईक शेतकरी. सुगी झाली, लग्नसराई आली, की मागणी वाढे. पावसाळा लागला की ती बसे. माग मात्र बारा महिने चालला पाहिजे, कारण पोट बारा महिने मागते. पावसाळ्यात विणलेला माल दिवाळीपर्यंत ठेवण्याची ज्याची ऐपत, त्यास भाव मिळे; ज्यास शनिवारच्या बाजाराकरिता आजच पैसे हवे, त्यास तो माल पडेल त्या दराने टाकावा लागे. तेव्हा विणकराचे सुखदुःख त्याच्या हाताच्या चलाखीवर तितके ठरत नसे, जितके चार महिने माल दाबून धरण्याच्या शक्तीवर ठरे. सोलापूरच्या कारखानदारास ही शक्ती थोडीफार आली. मालेगावच्या सुट्या विणकरास ती बहुधा आली नाही. दुष्काळाच्या वर्षी तर हा नियम अधिकच क्रूर होई. शेतकऱ्याचे पीक बुडाले की लुगडे विकत घेणारेच नाहीसे होत, आणि धान्य मात्र महाग होई. 1876-77 व 1896-97 च्या दुष्काळांत सोलापूरच्या विणकरांचे हाल इतके झाले की दगड फोडण्याच्या कामाऐवजी त्यांना त्यांच्याच धंद्यातून साह्य देण्याचा उपाय सरकारास करावा लागला. विणकराचे हात खडी फोडून निबर झाले तर पुन्हा मागावर चालणार नाहीत, हे तेव्हा अधिकाऱ्यांसही कळले.

यानंतर वीज आली आणि तिच्यामागून यंत्रमाग आले. मालेगावात 1935 च्या सुमारास पहिले यंत्रमाग चालू झाले. गिरण्यांनी टाकून दिलेले जुने माग विकत घेऊन, त्यांची डागडुजी करून, मोमीन विणकरांनी ते आपल्या घरांतून बसविले. यंत्र जुने, पण ते चालविणारा हात पिढीजात. स्वातंत्र्यानंतर सरकारने हातमागास संरक्षण देण्याकरिता गिरण्यांवर बंधने घातली व कर वाढविले, आणि अगदी थोडे माग असलेल्या लहान कारखान्यास मात्र करातून सूट ठेवली. हेतू चांगला होता. पण त्याचे फळ भलतेच आले. हातमाग वाढण्याऐवजी लहान लहान यंत्रमाग वाढले, आणि मोठा होऊ पाहणाऱ्या कारखान्यासही लहान राहणेच फायद्याचे वाटू लागले. मालेगावच्या आधीच विखुरलेल्या धंद्यास या सवलतीने कायमचे विखुरलेले ठेवले. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या मोडकळीस आल्या, तेव्हा आणखी काम व आणखी जुनी यंत्रे भिवंडी-मालेगावकडे वळली. आज मालेगावात लाखाहून अधिक यंत्रमाग आहेत असे मानले जाते. तेथे मुख्यतः कोरे कापड निघते. त्यास धुणे, रंगविणे व छापणे हे काम राजस्थानातील पाली, बालोतरा यांसारख्या गावी होते. ज्या कामात नफा अधिक ते काम परगावी, आणि ज्या कामात धूळ व खडखडाट अधिक ते काम मालेगावी, अशी ही वाटणी आहे.

सोलापुरानेही लुगडे सोडले, परंतु त्याच्या जागी दुसरा स्वतःचा माल उभा केला. नऊवारीची चाल मागे पडू लागली, तेव्हा तेथील कारखानदारांनी नक्षीच्या मागावर चादरी व टॉवेल विणण्यास आरंभ केला. सोलापुरी चादर हे नाव घरोघरी झाले. 2005 साली त्यास भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ते नाव कायद्याने त्या गावाचे ठरले. टॉवेल परदेशी जाऊ लागले. तयार माल विकणाऱ्यास नाव असते. कोरे कापड विकणाऱ्यास नाव नसते. मालेगावच्या विणकराने विणलेले कापड अंगावर घालणाऱ्यास ते कोठले हे ठाऊकही नसते. हा फरक दिसावयास लहान आहे. पण बाजारात नाव ही सुद्धा एक मिळकतच आहे.

परंतु येथे सोलापूरचे कौतुक करून थांबणे योग्य होणार नाही. कालांतराने गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा ते दुसरे दार लागले. पुरुषांची नोकरी गेली आणि पुष्कळ घरांत बायकोची विडी हीच मुख्य मिळकत होऊन बसली. विडी वळणारीस हजारामागे मजुरी मिळते. पाठ वाकते, तंबाखूची धूळ छातीत जाते, आणि जुन्या पेठांतील अंधाऱ्या खोल्यांत मुलांचा अभ्यास त्या सुपाशेजारीच चालतो. या स्त्रियांच्या संघटनेने फार वर्षे लढा देऊन सोलापूरजवळ कुंभारी येथे दहा हजार घरांची वसाहत मिळविली. गोदूताई परुळेकर यांचे नाव दिलेल्या या वसाहतीतील घरांचा ताबा 2006 साली देण्यात आला. पुढे 2024 च्या जानेवारीत रे नगर येथील आणखी पंधरा हजार घरे असंघटित कामगारांस मिळाली. पूर्वजांनी तेलंगण सोडल्याला शतकाहून अधिक काळ लोटल्यावर अनेक कुटुंबांस स्वतःच्या नावाचे छप्पर लाभले ते असे. सधन समाज म्हणून ज्याकडे बोट दाखविले जाते, त्याच्या तळाशी हे चित्र होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. कोणी म्हणेल की फरक गावाचा नसून स्वभावाचा आहे. हा वाद मिटविण्यास भिवंडीसारखे दुसरे उत्तम ठिकाण नाही. भिवंडीत मोमीन तर आहेतच. पण त्याच शहरात पद्मनगर नावाचा भाग असून तेथे तेलुगू पद्मशाल्यांची मोठी वस्ती आहे. दोघांचे यंत्रमाग सारखे, दोघांची वीज एक, दोघांस सूत देणारी व कापड घेणारी पेठही एक. आणि तेथे दोघांची रडकथाही एकच ऐकू येते. सुताचा भाव चढला तर दोघांचाही माग थांबतो. विजेचे देयक दोघांनाही सारखेच जड जाते. जुन्या यंत्रावर विणलेले कोरे कापड दोघांनाही मिळेल त्या दराने द्यावे लागते. देव निराळा, भाषा निराळी, अन्न निराळे. पण गावाची घडण एक असल्याबरोबर अडचणी एक झाल्या. स्वभावाच्या सिद्धांतास याचे उत्तर देता येत नाही.

शिक्षणाचेही तसेच आहे. पद्मशाल्यांनी सोलापुरात शाळा व वसतिगृहे काढली, ही गोष्ट खरी व अभिमानास्पद आहे. पण मालेगावच्या मोमिनांनी काहीच केले नाही असे म्हणणे हे अज्ञान होय. उर्दू शाळा, मदरसे, वाचनालये आणि पुढे मन्सुरा येथील महाविद्यालये ही त्यांच्याच वर्गणीतून व कष्टांतून उभी राहिली. भेद इतकाच की शिकून बाहेर पडलेल्या मुलास सोलापुरात गिरणी, कचेरी, रेल्वे, पेढी असे चार उंबरठे दिसत. मालेगावात शिकलेला मुलगाही पुष्कळदा बापाच्याच मागाशी परत येई. शिक्षणाचे बी दोन्हीकडे पेरले गेले. पाऊस दोन्हीकडे सारखा पडला नाही.

असे केवळ येथेच घडले असेही नाही. ज्या शतकात हे विणकर पायी चालत महाराष्ट्रात आले, त्याच शतकात हिंदुस्थानातील लाखो शेतमजूर गिरमिटावर सही-आंगठा करून समुद्रापलीकडे उसाच्या मळ्यांवर गेले. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटात 1845 ते 1917 या काळात सुमारे 1,44,000 माणसे पोहोचली. जवळच्या ब्रिटिश गियानात 1838 पासून सुमारे 2,39,000. दोन्हीकडचे बहुतेक लोक त्याच गंगेकाठच्या जिल्ह्यांतून निघालेले, एकाच कलकत्ता बंदरातून गेलेले. पण त्रिनिदादमध्ये 1869 पासून काही वर्षे परतीच्या भाड्याच्या मोबदल्यात मजुरास जमिनीचा तुकडा देण्याची पद्धत निघाली, व त्यामुळे तेथे स्वतंत्र शेतकऱ्यांची गावे लवकर वसली. गियानाचा किनारा भरतीच्या पाण्याहून सखल; बांध घालणे व पाणी उपसणे एकट्यादुकट्याच्या आवाक्याबाहेरचे, म्हणून तेथील मजूर मळ्याच्या आधारानेच दीर्घकाळ राहिला आणि हळूहळू भातशेतीकडे वळला. माणसे तीच, कष्ट तेच. जमिनीची उंची व सरकारचा एक नियम एवढ्याने नशिबे फिरली. मालेगाव व सोलापूर यांचा इतिहास हेच सांगतो. फक्त येथे समुद्राच्या जागी आगगाडीचा रूळ आहे.

वर्ध्याच्या लोकांस या कथेतील मर्म परके वाटू नये. 1934 साली गांधीजी वर्ध्यास आले. मगनवाडीत ग्रामोद्योग संघ आणि पुढे सेवाग्राम आश्रम उभा राहिला, तेव्हा चरख्यासंबंधी जो विचार येथे सतत मांडला गेला त्यात एक व्यवहाराची गोष्ट होती. जो विणकर गिरणीच्या सुतावर विणतो, तो कितीही कुशल असला तरी सूत देणाऱ्याच्या मुठीत असतो, ही ती गोष्ट. चरख्याचा उपाय सोलापूर-मालेगावच्या हजारो मागांस पुरा पडला नाही, हे मान्य केले तरी त्यामागील निदान चुकले होते असे कोणास म्हणता येणार नाही. सुतावर ज्याचा ताबा, त्याचाच मागावर ताबा. मग ते सूत चरख्याचे असो, हिंगणघाटच्या गिरणीचे असो की आजच्या कृत्रिम धाग्याचे असो.

यावरून दोन गोष्टी पक्क्या ठरतात. परमुलखातून आलेला समाज आपल्याबरोबर कसब आणतो, नाती आणतो, देव आणतो. परंतु भांडवल, बाजार व पोटाचे दुसरे साधन या गोष्टी त्याला गाव देते किंवा देत नाही. आणि दुसरी, जेथे गावाने त्या दिल्या तेथेही त्या सर्वांच्या वाट्यास सारख्या येत नाहीत. सोलापूरच्या कारखानदाराचा वाडा व विडी वळणारीची खोली ही एकाच रथोत्सवाच्या वाटेवर असतात. तेव्हा एखाद्या वसाहतीस गरीब का, असे विचारताना तिची जात विचारण्यापूर्वी तिला सूत कोण देतो, माल कोण उचलतो, पावसाळ्यात ती काय खाते, आणि माग बंद पडला तर तिच्यापुढे दुसरे कोणते दार उघडे असते, हे चार प्रश्न विचारावेत.

2011 च्या शिरगणतीत सोलापूर साडेनऊ लाखांचे शहर भरले व मालेगाव पावणेपाच लाखांचे. शतकाहून अधिक काळापूर्वी रिकाम्या हातांनी आलेल्या माणसांनी ही शहरे वाढविली. मालेगावात अजूनही रात्री उशिरापर्यंत माग धडधडत असतो, आणि सोलापूरच्या पूर्व भागात दिवे लागल्यावरही एखादी म्हातारी पानावर तंबाखू पसरीत बसलेली असते. दोघांच्याही घरी दुसऱ्या दिवसाची मजुरी पहिल्या दिवशीच खर्ची पडलेली असते. ज्या जिल्ह्याने त्यांच्या मागाकरिता कापूस पिकविला, त्याने निदान त्यांच्या दारिद्र्याचा दोष त्यांच्या जन्मावर ठेवू नये.